माहेराखालचा बोगदा

महिपत शिगवणने छत्तीस वर्षं लोकांच्या कवळ्या बनवल्या. ठाण्यात नौपाड्यातल्या एका गल्लीत, पहिल्या मजल्यावर त्याची लॅब होती. त्याची म्हणजे मालकाची, पण सकाळी साडेनऊला कुलपात किल्ली फिरायची ती महिपतच्या हातानं. दातांचे डॉक्टर आपापल्या दवाखान्यांतून जबड्यांचे ठसे पाठवायचे, सोबत आडनावाची चिठ्ठी. ठशात प्लास्टर ओतायचं, मेणात दात मांडायचे, मेण वितळवून त्या जागी गुलाबी अ‍ॅक्रिलिक भरायचं, उकळायचं, घासायचं आणि कवळी डबीत घालून परत पाठवायची. माणूस मात्र कधी दिसायचा नाही. महिपत माणसं ओळखायचा ती जबड्यावरून. हा सुपारी खाणारा, ही एकाच बाजूनं चावणारी, ह्याचे दात पडून बरीच वर्षं झालीत पण आत्ता कुठे मनावर घेतलंय.

अकरा वर्षांपूर्वी एक जबडा स्वतः जिना चढून वर आला. उंच, काळासावळा, पांढऱ्या मिशांचा म्हातारा दारात उभा राहिला आणि त्यानं विचारलं, "ही कवळी कोणी केली?"

महिपतनं भीत भीत हात वर केला.

"मी 'साहेब' बोललो का शिट्टी वाजते," म्हातारा म्हणाला. "आयुष्यभर इंजिनाची शिट्टी वाजवली, ती पुरली नाय का? आता तोंडातून पण?"

ते कान्हा पाटील. कल्याणच्या खाडीकडचे आगरी, रेल्वेत इंजिन ड्रायव्हर म्हणून निवृत्त झालेले. महिपतनं त्यांना स्टुलावर बसवलं, 'सात', 'सासू', 'सरबत' म्हणायला लावलं आणि टाळूच्या बाजूनं कवळी केसभर घासली. तिसऱ्या घासणीला शिट्टी थांबली. कान्हादादा "सासू, सासू, सासू" असं पाच-सहादा म्हणाले, मोठ्यानं हसले आणि पुढच्या आठवड्यात खाडीतला एक जिताडा मासा घेऊन आले. तेव्हापासून दोघांची जी गट्टी जमली ती जमलीच.

महिपत बासष्टचा झाला तेव्हा लॅबमध्ये नवं यंत्र आलं. जबडा आता संगणकाच्या पडद्यावर उमटायचा आणि दात यंत्रच कोरायचं. मालक माणूस चांगला होता. "तुम्ही फक्त पॉलिशिंग बघा, महिपत," तो म्हणाला. महिपतनं सहा महिने पॉलिशिंग बघितलं. मग एका शनिवारी आपली मेणाची सुरी, कानशी, प्लास्टरचे चमचे, छोटं ड्रिल आणि तोंडात बघायचा आरसा, अशी स्वतःची हत्यारं एका स्टीलच्या डब्यात भरून तो डोंबिवलीला घरी आला.

घरी लक्ष्मी. ती साड्यांना फॉल-पिको करायची, ब्लाऊज शिवायची. बेडरूममध्ये खिडकीशी तिचं मशीन. मुलगी संचिता लग्न होऊन ठाण्याला गेलेली. पहिल्या महिन्यात महिपतनं घरातलं जे जे हलत होतं ते घट्ट केलं आणि जे घट्ट होतं ते सैल केलं. मिक्सरचं बटण, कुकरचा दांडा, शेजारच्यांच्या चष्म्यांच्या काड्या. लक्ष्मी म्हणाली, "आता माझ्या मशीनला हात लावलात तर बघा हं. ते चांगलं चाललंय."

असं चाललेलं असताना एके दिवशी दुपारी कान्हादादा आले आणि त्यांनी एक खोका टेबलावर ठेवला. आत वीतभर लांबीचं निळं इंजिन, दोन डबे, थोडे रूळ आणि साबणाच्या वडीएवढा कंट्रोलर. ते निवृत्त झाले तेव्हा त्यांच्या मुलीनं, दक्षतानं, परदेशातून आणलेलं.

"शोकेसमध्ये होता इतकी वर्षं. परवा नातवंडांच्या धक्क्यानं पडला," कान्हादादा म्हणाले. "मोटर फिरते, पण चाक फिरत नाय. खोलून बघितला. आत एक दातेरी चाक हाय, त्याचे दोन दात गेलेत." त्यांनी महिपतकडे बघितलं. "म्हटलं, दात बसवणारा आपल्या वळखीचा हाय."

महिपतनं चष्मा कपाळावर सरकवला आणि भिंग डोळ्याला लावलं. दातेरी चाक मसुराच्या दाण्याहून थोडं मोठं. पण इंजिनाच्या दुसऱ्या टोकाला अगदी तसंच चाक होतं आणि ते शाबूत होतं. म्हणजे ठसा घेता येणार होता. आठवडाभर तो त्याच कामात होता. शाबूत चाकाचा रबरी ठसा घेतला, त्यात अ‍ॅक्रिलिक भरलं, लक्ष्मीच्या डाळीच्या पातेल्यात उकळलं आणि तिची बोलणी खाल्ली. पहिली तीन चाकं फुकट गेली. चौथं जमलं. फक्त घरात होतं ते हिरडीच्या रंगाचं अ‍ॅक्रिलिक, त्यामुळे निळ्या इंजिनाच्या पोटात गुलाबी चाक बसलं.

रविवारी दोघांनी मिळून चाकांना बॅटरीच्या तारा लावल्या. इंजिन गुरगुरलं, टेबलावरून सुसाट निघालं आणि पाण्याच्या तांब्यावर जाऊन आदळलं. कान्हादादांनी दोन्ही हात वर केले, जणू तांब्यालाच थांबायचा इशारा देत होते.

"आता ह्याला रुळावर धाववून बघायला पायजेल," ते म्हणाले. "माझ्याकडे घरात जागा नाय. पाच पोरं हायेत. तुझ्याकडेच ठेव."

असं ते इंजिन महिपतकडे राहिलं.

सुरुवातीला रूळ जमिनीवर मांडले. दिवाण आणि टीव्हीच्या मधे एक लंबगोल. गाडी तीन फेऱ्या नीट मारायची आणि चौथीला अडखळायची, कारण चाकांत धूळ आणि लक्ष्मीचे लांब केस गुंडाळलेले असायचे. लक्ष्मी केर काढायला आली की रूळ उचला, केर झाला की पुन्हा जोडा. चौथ्या दिवशी तिनं झाडू टेकवला. "अहो, एक तर ही गाडी जमिनीवरून उचला, नाही तर केर तुम्ही काढा."

महिपतनं दोन्ही केलं. केर काढला आणि संचिताच्या जुन्या दिवाणाचा प्लाय सोडवून घेतला. पाच फूट लांब, तीन फूट रुंद. त्याच्या कडेला पट्ट्या ठोकल्या, हॉलच्या भिंतीला बिजागऱ्या लावल्या. हवं तेव्हा पाट खाली पाडायचा, दोन पाय टेकवायचे. काम झालं की उचलून भिंतीला खिटीत अडकवायचा. आता वर जे काही करायचं ते पक्कं चिकटवलेलं हवं, नाही तर पाट उभा झाला की झाडं आणि घरं सगळी लक्ष्मीच्या डोक्यावर.

पण वर करायचं काय? कान्हादादांना कल्याणचं यार्ड हवं होतं. "सगळ्या लाइनी मना तोंडपाठ हायेत," ते म्हणाले. पण तेवढे रूळ अंथरले असते तर जेवायला बाहेर जिन्यात बसावं लागलं असतं. महिपतच्या डोक्यात दुसरंच चित्र होतं. खेडच्या बाजूचं एक लहानसं स्टेशन, मागे रुळांसाठी डोंगर कापून काढलेली जांभ्याची लाल कटाई, दोन-चार आंब्याची झाडं. तो सतराव्या वर्षी गावाहून ठाण्याला आला तेव्हा तिकडे रेल्वे नव्हती. पुढे आली तीही त्याच्या गावाला लांबून वळसा घालून गेली. तरी त्या लाल मातीतून जाणारी गाडी त्याला फार आवडायची.

आठवडाभरात त्यानं प्लास्टरची कटाई घडवली, विटेची भुकटी गाळून तिच्यावर पसरली. लक्ष्मी हातात ब्लाऊज घेऊन बाहेर आली आणि पाटाजवळ थांबली.

"हे कुठलं?"

"आपल्याकडचं."

"आपल्याकडचं म्हणजे तुमच्याकडचं का माझ्याकडचं?"

महिपतनं कानस खाली ठेवली. मग त्याला आठवलं, आणि आठवायला इतका वेळ लागला याची त्याला लाज वाटली.

त्यांच्या लग्नाला तीन वर्षं झाली होती तेव्हा लक्ष्मीच्या माहेरी मोजणी करणारे आले होते. त्यांनी शेतातून दगड रोवत नेले आणि एक दगड लक्ष्मीच्या वडिलांच्या घरापुढच्या खळ्यात रोवला गेला. रेल्वे तिथूनच जाणार होती. कोणी फसवलं नाही, ठरलं होतं ते सगळं मिळालं. वडिलांनी स्वतःच्या हातानं कौलं उतरवली, वासे सोडवले आणि वरच्या अंगाला नवं घर बांधलं. पुढे पहिली गाडी आली तेव्हा ते फेटा बांधून बघायला उभे होते. त्यांनी त्या गोष्टीचं कधी दुःख केलं नाही, त्यामुळे कोणीच केलं नाही. लक्ष्मी तेवढी माहेरी जायची ती एसटीनं. "एसटी फाट्यावर सोडते, बरं पडतं," ती म्हणायची. इतकी वर्षं महिपतला ते खरंच वाटत आलं होतं.

"अगं," तो म्हणाला, "तू म्हणून गाडीनं जात नाहीस?"

लक्ष्मीनं ब्लाऊजचा दोरा दातानं तोडला. "रूळ आहेत ना, त्या जागी आमची चूल होती. गाडीत बसून चुलीवरून कसं जायचं?"

ती हे रागानं बोलली नाही. भाजीला मीठ कमी आहे असं सांगावं तशी बोलली. महिपतनं कटाईवर हात ठेवला. तो म्हणाला, "मी हे काढून टाकतो. दुसरं काही तरी करू. बर्फाचे डोंगर करू, प्लास्टर पांढरंच असतं."

"मी नको म्हटलंय का?" लक्ष्मी म्हणाली. ती पाटाकडे बघत राहिली. "इथले इंजिनिअर तुम्हीच ना?"

"मीच."

"म्हणजे रूळ कुठून न्यायचे ते तुम्ही ठरवणार."

"हो."

ती आत गेली आणि कापडावर खुणा करायचा खडू घेऊन आली. पाटाच्या मागच्या अंगाला वाकून तिनं एक चौकोन काढला. त्याला पुढे पडवी, बाजूला गोठा, समोर खळं. विहिरीसाठी एक गोल. फणस कुठे होता यावर ती जरा वेळ अडली, मग तिनं एक फुली मारली. "हे इथे होतं," ती म्हणाली. "ह्याच्यावरून न्यायची नाही."

चौकोन नेमका रुळाच्या वाटेत होता.

त्यानंतरचे तीन आठवडे महिपतनं त्या चौकोनाला वळसा घालण्यात घालवले. संचितानं त्याला वाकणारे रूळ मागवून दिले होते. ते घराच्या अलीकडून डावीकडे आणि पलीकडून लगेच उजवीकडे वळवून त्यानं नागमोडी वाट काढली. हातानं ढकललेला डबा गेला, पण इंजिन गेलं नाही. दर फेरीला त्याच जागी पुढचं चाक रुळावर चढायचं आणि गाडी आडवी व्हायची. एकदा तर पडली ती बरोबर विहिरीच्या गोलात.

रविवारी कान्हादादा आले, पाटाच्या पातळीला डोळे आणून रूळ बघितले आणि त्यांनी मान हलवली. "डावीकडून थेट उजवीकडे वळवलास. मधे सरळ रूळ कुठाय? गाडीला जरा अंग सोडायला जागा पायजेल का नको?"

"काखेत कापड ओढतं तसं झालंय," लक्ष्मी मशीनवरून म्हणाली. "एवढ्याशा कपड्यात एवढा गोल बसणारच नाही."

"सरळ रूळ घालायला जागाच नाही, दादा," महिपत म्हणाला. तो कंटाळला होता. गुडघे दुखत होते, बोटांना गोंद लागला होता, आणि त्याच्या तोंडून निघून गेलं, "घर चार इंच मागे घेतलं तर सगळं बसतं."

मशीन थांबलं.

"एकदा घेतलंय मागे," लक्ष्मी म्हणाली.

कान्हादादांना यातलं काही माहीत नव्हतं. त्यांनी दोघांकडे आळीपाळीनं बघितलं. मग महिपतनं त्यांना सगळं सांगितलं आणि लक्ष्मीनं मधे मधे दुरुस्त्या केल्या. खळ्यातला दगड, कौलं, फेटा, एसटी. कान्हादादा मिशीवरून हात फिरवत ऐकत राहिले.

"वहिनी," ते शेवटी म्हणाले, "माझ्या बापाची भातशेती यार्ड वाढवला तेव्हा गेली. आणि मी मोठा झालो तो त्याच यार्डात नोकरीला लागलो. पहिल्या दिवशी इंजिन घेऊन निघालो ना, तवा खाली बघत होतो, आपला बांध कुठला, आपला बांध कुठला. उस्ताद बोलला, अरे, पुढं बघ!" ते हसले. "पुढं बघायला शिकलो. पण खाली बघायची सवय काय गेली नाय."

लक्ष्मी हसली नाही, पण उठून तिनं चहा टाकला आणि कान्हादादांच्या कपात त्यांना आवडतं तसं आलं जास्त किसलं.

दोन दिवस पाट भिंतीला उभाच राहिला. महिपतनं त्याला हात लावला नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी तो दाढी करत होता तेव्हा लक्ष्मी मागून आली. आरशात तिचा चेहरा त्याच्या खांद्यावर दिसला.

"घर वर नेलं तर?"

"वर म्हणजे?"

"डोंगर करा. डोंगरावर घर, आणि गाडी खालून जाऊ दे. बोगदा काढा. तुमचा रूळ पहिल्यासारखा गोल राहील, वळवावळवी नको."

महिपत अर्ध्या दाढीनिशी तिच्याकडे वळला. "पण तुझं घर सपाटीला होतं ना?"

"होतं. वर नेलं तर चालेल मला. मागे नको, पुढे नको. आहे त्याच जागी, सरळ वर."

त्याच दिवशी पाट खाली आला. वाकणारे रूळ उचलले, त्यांच्या खिळ्यांची भोकं बुजवली आणि मूळचा लंबगोल पुन्हा मांडला. त्याच्या मागच्या अंगावर, खडूच्या चौकोनाच्या बरोब्बर वर, डोंगर उभा राहू लागला. पुठ्ठ्याच्या कमानी, त्यावर चुरगळलेले कागद आणि सगळ्यावर प्लास्टरमध्ये बुडवलेल्या कापडाच्या पट्ट्या. कापड लक्ष्मीच्या कपाटातलं, फॉलच्या उरलेल्या तुकड्यांचं. महिपत प्लास्टर कालवायचा आणि लक्ष्मी पट्ट्या अंथरायची. उतार कुठे चढता, कुठे खाच, कुठे पायवाट, हे ती न विचारता करत जायची. सेट होणारं प्लास्टर हाताखाली कोमट होतं. "गरम का लागतंय हो?" तिनं पहिल्यांदा दचकून विचारलं. छत्तीस वर्षांत महिपतला हे विचारणारं कोणी भेटलं नव्हतं. त्यानं तिला समजावून सांगितलं, बरंच लांबवून, आणि तिनं ते ऐकून घेतलं.

घर बांधायला एक महिना लागला. भिंती पुठ्ठ्याच्या, वर मातीचा रंग. कौलं महिपतनं मेणावर कोरून अ‍ॅक्रिलिकची पाडली. गुलाबी रंगावर चहाचं पाणी आणि थोडा गेरू घासला तर हुबेहूब जुन्या कौलांचा रंग येतो, हा शोध त्याला लागला तेव्हा त्यानं संचिताला ऑफिसात फोन करून सांगितलं. गवताला लाकडाचा भुसा हिरवा रंगवला. फणसाला रंगवलेला स्पंज. विहिरीचा काठ जुन्या कॅसेटच्या चाकाचा. तुळशीवृंदावन काही केल्या जमेना. मग महिपतनं आपल्या डब्यातली एक चिनी मातीची दाढ काढली आणि उलटी करून खळ्यात ठेवली. तशी ती छानच दिसली. लक्ष्मीनं भिंग लावून बघितली.

"दाढ आहे ही."

"कोणाच्या तोंडातली नाही. नवी आहे."

"मग राहू दे," ती म्हणाली, आणि दाढेच्या खोबणीत हिरव्या दोऱ्याची एक गाठ बसवली.

गाडी सोडायचा दिवस रविवारचा ठरला. कान्हादादा इस्त्रीचा शर्ट घालून आले. संचिता नवऱ्याला, केतनला, घेऊन ठाण्याहून आली. कंट्रोलर अर्थातच कान्हादादांच्या हातात. त्यांनी गाडी स्टेशनातून सोडली ती इतक्या अलगद की डबे हललेले कळलेसुद्धा नाहीत. वळण घेतलं, जांभ्याच्या कटाईतून गेली, बोगद्यात शिरली. इंजिन दिसेनासं झालं. आणि पहिला डबा अर्धा आत, अर्धा बाहेर असा थांबला.

कान्हादादांनी ताबडतोब करंट बंद केला. सगळे वाकून बघू लागले. डबे मागे ओढून काढता आले, इंजिन आतच राहिलं. तेव्हा महिपतच्या लक्षात आलं की डोंगराला मागून हात घालायला जागाच ठेवली नाही. मागे भिंत, वर घर, खाली अखंड प्लाय.

"बाबा, वरून थोडा फोडूया का?" संचितानं विचारलं.

"नाही," महिपत आणि लक्ष्मी एकदमच म्हणाले.

लक्ष्मीनं उजव्या हातातल्या बांगड्या उतरवून संचिताकडे दिल्या. तिचा हात लहान. तिनं बोगद्याच्या तोंडातून मनगटापर्यंत हात घातला, गाल डोंगराला टेकवला, डोळे मिटले. "लागलं बोटांना," ती म्हणाली. "हां... वर काही तरी अडलंय. छपराला." हळूहळू तिनं इंजिन मागे ओढून आणलं. टपावर पांढरा ओरखडा होता.

मग महिपतनं आपला स्टीलचा डबा आणला. त्यातला लांब दांड्याचा आरसा काढून बोगद्यात घातला आणि केतनला मोबाइलची बॅटरी धरायला सांगितली. गंमत म्हणजे तो आरसा त्यानं कोणाच्या तोंडात कधी घातला नव्हता. ते काम डॉक्टरांचं. डॉक्टर जुना टाकून देत होते, तो त्यानं मागून आणलेला. आता आरशात त्याला आतलं छप्पर दिसलं, आणि त्यावरून ओघळून वाळलेला प्लास्टरचा एक थेंब, तांदळाच्या दाण्याएवढा.

"अगदी सुळा आहे," तो म्हणाला.

"मग काढ की," कान्हादादा म्हणाले. "तुना सांगायला पायजेल का?"

महिपतनं छोट्या ड्रिलला सगळ्यात बारीक टोक लावलं. डाव्या हातात आरसा, उजव्या हातात ड्रिल. आरशात बघून काम करायचं म्हणजे हात उलटा चालतो. दोनदा टोक घसरलं. वरच्या घराचं तुळशीवृंदावन थरथरत होतं म्हणून लक्ष्मीनं ते बोटानं धरून ठेवलं. पाच मिनिटांनी तो थेंब तुटून रुळावर पडला. महिपतनं तो चिमट्यानं बाहेर काढला, रूळ कापसानं पुसले आणि घाम पुसत खुर्चीत बसला. केतननं टाळ्या वाजवल्या.

दुसऱ्यांदा गाडी सुटली. इंजिन शिरलं, डबे शिरले. सगळे बोगद्याच्या दुसऱ्या तोंडाकडे बघत होते, लक्ष्मी तेवढी घराकडे. खालून गाडीची घरघर ऐकू येत होती आणि वर खळं, फणस, विहीर सगळं जागच्या जागी होतं. निळं नाक बाहेर आलं तेव्हा कान्हादादा "आली!" म्हणून असे ओरडले की शेजारच्यांनी दार उघडून बघितलं.

त्या दिवशी गाडीनं किती फेऱ्या मारल्या ते कोणी मोजलं नाही. संचितानं चालवली, केतननं फार जोरात चालवली म्हणून कान्हादादांची बोलणी खाल्ली, शेजारच्यांनी चालवली. लक्ष्मी सगळ्यांना पोहे देऊन शेवटी कंट्रोलरपाशी आली. कान्हादादांनी तिला बटण कसं फिरवायचं ते दाखवलं. तिनं गाडी बोगद्यातून इतक्या हळू नेली की मधे ती थांबते की काय असं वाटलं. थांबली नाही.

मे महिन्यात लक्ष्मीचा भाऊ मारुती एका लग्नासाठी गावाहून आला. पन्नाशीचा, गावच्या नव्या घरात राहणारा, आंब्याच्या पेट्या घेऊन आलेला. त्याला आधी कोणी काही सांगितलं नव्हतं. महिपतनं खिटी काढून पाट खाली पाडला. मारुती हात धुऊन पुसत पुसत जवळ आला आणि थबकला. त्यानं फणस बघितला, पडवी बघितली. लक्ष्मी त्याच्या तोंडाकडे बघत होती.

"बाय," तो म्हणाला, "गोठ्याचं दार इकडून नव्हतं."

"इकडूनच होतं."

"नाय गं. विहिरीच्या अंगाला होतं. बैल पाण्याला नेताना वळायला लागायचं नाय."

"मारुती, तू तेव्हा केवढा होतास? मी तिथे शेण काढलंय."

"मी बैल सोडलेत!"

दोघं असे भांडले की भात गार झाला. महिपत मधे पडला नाही. त्यानं पानं वाढून घेतली, आमरसाची वाटी प्रत्येकाच्या पुढे सरकवली. जेवणानंतर मारुतीनं खडू मागितला आणि एका कागदावर आपल्या आठवणीतलं घर काढलं. लक्ष्मीनं त्याच कागदावर आपलं काढलं. दोन्ही चित्रांत पडवीत बाबांची बाज होती, उजव्या कोपऱ्यात, त्यावर काही वाद नव्हता.

"भावोजी, बाज राहिली हो," मारुती म्हणाला.

महिपतनं दुसऱ्या दिवशी काड्यांची एक बाज केली, नखाएवढी, आणि लक्ष्मीनं तिला पांढऱ्या दोऱ्यानं विणलं. तिनं ती चिमट्यानं पडवीत ठेवली आणि गोंद वाळेपर्यंत बोट धरून राहिली. गोठ्याला मात्र महिपतनं दोन्ही बाजूंना दारं ठेवली. मारुतीला ते पटलं नाही आणि लक्ष्मीलाही नाही. पण दोघांनीही पुन्हा तक्रार केली नाही, आणि मारुती लग्नाला निघायच्या आधी कपडे करून, टोपी घालून, पाटापाशी बसला आणि त्यानं गाडी सोडायला सांगितली.